दुसऱ्याच्या ओसरीवर : व्हीआरमागची गोष्ट

सोलापुरात एका रिक्षाफेरीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते. तरीही पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो, हे शहराच्या दुसऱ्या टोकाला फारसं कुणाला ठाऊक नसतं. व्हीआरकडे, म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून दुसऱ्या जागी असल्याचा भास देणाऱ्या ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’कडे, मी पाहतो ते या अंतरामुळे.

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३८ मध्ये दाखवून दिलं. मान वळवताच दृश्यही वळावं, हे अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये साधलं. त्यांचं डोक्यावर चढवायचं यंत्र छताला जोडलेलं होतं.

खरं वळण दिलं ते एका पत्रकार बाईंनी. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात नॉनी दे ला पेन्या यांनी लॉस एंजेलिसमधली मोफत अन्नाची रांग व्हीआरमध्ये उभी केली. आवाज प्रत्यक्ष घटनेचे, माणसं संगणकाने घडवलेली. रांगेतला मधुमेही माणूस कोसळतो, तेव्हा प्रेक्षक त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसत. तिथे कुणी नाही हे माहीत असूनही! २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्हीआर चित्रफितीने जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीतली १२ वर्षांची सिरियन सिद्रा दावोसला जागतिक आर्थिक परिषदेसाठी जमलेल्या बड्या मंडळींसमोर आणली.

स्टॅनफर्डच्या अभ्यासात (२०१८) बेघर होण्याचा अनुभव व्हीआरमधून घेतलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांनी परवडणाऱ्या घरांसाठीच्या अर्जावर सही केली; तोच प्रसंग नुसता वाचलेल्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं. फरक आहे, पण सही करणं सोपं असतं. टीकाकारांचा आक्षेप मला पटतो: काही मिनिटं छावणीत फिरून निर्वासिताचं जगणं कळत नाही; चष्मा काढून आपण घरी जातो, तो जाऊ शकत नाही.

म्हणून सोलापुरात असं काही करायचं, तर कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्या विडी वळणाऱ्या बाईनेच ठरवावं. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूचं पान, साच्याने आखून कात्रीने कापणं, तंबाखू भरून दोऱ्याची गाठ. हे सगळं चष्म्यात दिसेल. तंबाखूचा उग्र वास येणार नाही, रात्री अवघडलेली पाठ दुखणार नाही. ते तिलाच सांगू द्यावं, तिच्या तेलुगूत, आणि मराठी फक्त खाली अक्षरांत असावी.