परसबाग

घराच्या मागील वा बाजूच्या मोकळ्या जागेत घरच्या स्वयंपाकापुरता भाजीपाला, मसाल्याची पाने आणि थोडी फळे पिकवण्याची जागा व पद्धत. परस किंवा परसू म्हणजे घरामागचे आवार. कोकणात यालाच परडे म्हणतात. शेतात एका पिकाचा माल एकदम निघावा अशी योजना असते, परसबागेत मात्र रोज थोडे थोडे निघायला हवे. म्हणून येथील कौशल्य पेरणीइतकेच, किंबहुना जास्तच, तोडणीत असते.

जागा व पाणी. वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी आणि वेलवर्गीय भाज्यांना रोज किमान ६ तास थेट ऊन लागते. पालेभाज्यांचे ३–४ तासांत भागते. अळू आणि आले झाडाच्या विरळ सावलीतही येतात. मांडव शक्यतो उत्तरेच्या कडेला घालावा. दक्षिणेला घातला तर हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना, त्याची सावली सगळ्या वाफ्यांवर पडते. मोरीचे पाणी अळू, केळ आणि कर्दळीच्या आळ्यात सोडण्याची जुनी रीत उत्तम आहे, पण कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी त्यात येऊ देऊ नये आणि मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना कोणतेच सांडपाणी देऊ नये.

वाफे. वाफ्याची रुंदी एक मीटरच्या आत ठेवावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती पायाखाली दडपत नाही. दर चौरस मीटरला ३ ते ४ किलो पूर्ण कुजलेले शेणखत वीतभर खोलीपर्यंत मिसळतात. कच्चे शेण घातल्यास हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि वाळवी येते, शिवाय ते कुजताना निघणाऱ्या उष्णतेने कोवळी मुळे भाजतात. पावसाळ्यात वाफा १५ सेंटीमीटर उंच, म्हणजे गादीवाफा करतात. उन्हाळ्यात उलट, पाणी साठून राहावे म्हणून तो सपाट किंवा किंचित खोलगट ठेवतात.

किती लावावे? नवख्यांची पहिली चूक येथेच होते. मेथीचा सगळा वाफा एकाच दिवशी पेरला तर पंचविसाव्या दिवशी खाता येणार नाही इतकी मेथी होते आणि पस्तिसाव्या दिवशी ती जून होते. वाफ्याचे तीन-चार भाग करून दर १०–१२ दिवसांनी एक भाग पेरावा. चौघांच्या घराला भेंडीची २०–२५, टोमॅटोची ६–८, वांगी व मिरचीची प्रत्येकी ५–६ झाडे, दोडका व कारल्याचे दोन-तीन वेल पुरतात. दुधीचा एक वेलही बऱ्याच घरांना जास्त होतो.

हंगाम. जूनमध्ये पहिला पाऊस मुरला की भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, पडवळ, कारले, भोपळा टोकतात. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे आधी करून २५ ते ३५ दिवसांनी, संध्याकाळी लावतात. मुळा, गाजर, पालक, मेथी, कोथिंबीर, वाल व घेवडा ही ऑक्टोबर ते जानेवारीची पिके. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन फाकी करतात आणि रात्रभर भिजवतात. तरी उगवायला ८–१० दिवस लागतात, तेवढ्यात बी वाया गेले असे समजून वाफा उकरू नये. मार्चनंतर कोथिंबीर आणि मुळा फुलावर येतात. मुळ्याच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची भाजी होते, त्यामुळे फुलावर आलेली दोन-चार झाडे तशीच ठेवावीत.

वेल आणि फुले. मांडव माणसाच्या डोक्याला लागणार नाही इतका, १.८ ते २ मीटर उंच असावा आणि वेल चढण्याआधी बांधून व्हावा. वादळी पावसात भरलेला मांडव कोसळला तर हंगाम तेथेच संपतो. दुधीचा शेंडा मांडवाशी पोचताच खुडतात, कारण मुख्य वेलीवर नरफुले जास्त आणि बगलफुटीवर मादीफुले जास्त येतात.

‘वेल फुलतो पण धरत नाही’ ही नेहमीची तक्रार. पहिले काही दिवस बहुतेक नरफुलेच येतात, ती गळणे स्वाभाविक आहे. मादीफुलाच्या पाकळ्यांमागे इवलेसे फळ असते. तेच पिवळे पडून गळू लागले तर परागण होत नाही असे समजावे. झडीच्या पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा हे काम हाताने करावे लागते. ताजे नरफूल खुडून पाकळ्या काढाव्यात आणि परागकोश मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवावा. वेळ मात्र पिकानुसार पाळावी लागते. भोपळा, काकडी, कारले, घोसाळे यांची पिवळी फुले सकाळी उमलतात आणि भोपळ्याचे फूल तर ऊन चढताच मिटते. दोडक्याची फुले पिवळी असूनही दिवस कलताना उघडतात, दुधीची पांढरी फुलेही संध्याकाळी आणि पडवळाची झालरीची फुले त्याहून उशिरा. सकाळी दुधीच्या फुलांशी केलेली खटपट म्हणूनच फुकट जाते.

तोडणी. झाडाचा ओढा बी पिकवण्याकडे असतो. बी तयार होऊ लागले की नवी फुले कमी होतात. त्यामुळे कोवळी फळे वेळेवर काढत राहणे हे खत घालण्याइतकेच उत्पन्न वाढवणारे काम आहे. भेंडी फूल पडल्यापासून ५–६ दिवसांत तयार होते. टोक वाकवताच कट्कन मोडले तर ती कोवळी. दिवसाआड तोडणी चुकवू नये. राहून गेलेल्या जून शेंगा भाजीच्या नसल्या तरी काढून टाकाव्यात. दुधीवर लव असावी आणि नख सहज रुतावे. दोडक्याच्या शिरा कडक होण्याआधी, काकडी पिवळी पडण्याआधी आणि वांगे त्वचेवर चकाकी असतानाच काढतात. मंद पडलेले वांगे आत बियाळ निघते. टोमॅटोला रंग चढू लागताच तोडून घरात पिकवला तर पक्ष्यांपासून वाचतो. पडवळ सरळ वाढावे म्हणून टोकाला लहानसा दगड बांधण्याची पद्धत आहे. तांबड्या भोपळ्याचे मात्र उलटे. देठ वाळून खरखरीत झाल्यावर, बोटभर देठ ठेवून तो काढावा, म्हणजे महिनोन् महिने टिकतो. देठ तुटला की तेथूनच कुजतो.

पालक मुळासकट उपटू नये. बाहेरची पाने कापून मधला पोंगा राखला तर दोन आठवड्यांत पुन्हा पाने मिळतात. अळूचीही मधली दोन-तीन पाने सोडावीत. वडीचे अळू काळसर देठाचे, तर फतफत्याचे हिरव्या देठाचे असते. दोन्हीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने खाज येते. म्हणून चिरताना हाताला तेल लावतात आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल घालतात. फळे ओढून तोडू नयेत, कात्रीने देठासह कापावीत.

काय बिघडते. टोमॅटोचा तळ काळा पडून खचतो तो रोगाने नव्हे. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही असे झाले की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. आच्छादन आणि नियमित पाणी हाच त्यावर उपाय. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या झाल्या तर तो पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू असतो. झाड बरे होत नाही, उपटून टाकावे. ‘परभणी क्रांती’ हे वाण या रोगाला प्रतिकारक म्हणूनच लोकप्रिय झाले. वांग्याचे शेंडे मलूल होऊन लोंबले की आत पोखरणारी अळी असते. असा शेंडा दोन बोटे खालून कापून नष्ट करावा, नाहीतर तीच पिढी पुढे फळात शिरते. कारली वाकडी होऊन पिवळी पडतात ती फळमाशीने. गळलेली फळे खतखड्ड्यात टाकल्यास माश्या तेथेच वाढतात, म्हणून ती पिशवीत बांधून उन्हात ठेवावीत किंवा खोल पुरावीत. क्यू-ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधद्रव्याचा, सापळा लावावा किंवा कोवळ्या फळांना कागदी पिशवी घालावी.

मावा आणि तुडतुड्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क चालतो. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळीची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून फडक्याने गाळतात आणि चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारतात. अर्क त्याच दिवशी वापरावा. राख धुरळल्यानेही मावा काही अंशी आवरतो, पण पाऊस पडला की पुन्हा धुरळावी लागते. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच कुळातले असल्याने एका वाफ्यात लागोपाठ घेऊ नयेत. त्यांच्यानंतर वाल किंवा चवळी घ्यावी.

बी. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाण्यांच्या जतनासाठी. त्यांच्या कामात परसबागेला मोठे स्थान आहे. संकरित वाणाचे बी धरले तर पुढची झाडे सारखी येत नाहीत, गावरान वाणाचे येतात. वाल, चवळी, मेथी, टोमॅटो यांचे बी घरी धरणे सोपे, कारण त्यांत परपरागण फारसे होत नाही. काकडीच्या दोन जाती जवळ असल्या तर मात्र भेसळ होते. बियाण्यासाठी वेलीचे पहिले-दुसरे सुदृढ फळ खूण बांधून राखावे, शेवटचे उरलेसुरले नव्हे. दुधी व घोसाळे वेलीवरच वाळवून, हलवल्यावर बी खुळखुळू लागले की उतरवतात. बाकीचे बी सावलीत सुकवून चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवतात आणि झाकण लावलेल्या मडक्यात, जातीचे नाव व साल लिहून ठेवतात.