भट्टी बंद होते, उष्णता नाही

डिसेंबर २०२५मध्ये संसदेनं अणुऊर्जेचा नवा 'शांती' कायदा मंजूर केला. बोलणं झालं ते बहुतेक खासगी कंपन्यांना उघडलेल्या दाराबद्दल. त्याच कायद्यानं अणुऊर्जा नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला, ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पण हे मंडळ नक्की कशावर नजर ठेवतं असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: भट्टीचा बॉम्ब होऊ नये म्हणून.

भट्टीचा बॉम्ब होत नाही. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या नैसर्गिक युरेनियमवर चालतात, त्यात युरेनियम-२३५ असतं जेमतेम ०.७ टक्के. तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांत आणि कुडनकुलमला ते थोडं वाढवलेलं असतं, तरी ५ टक्क्यांच्या आतच. बॉम्बसाठी ते ९० टक्क्यांच्या घरात न्यावं लागतं. नियामकाची झोप उडवणारी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती भट्टी बंद केल्यावर सुरू होते.

युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन तुकडे होतात. हे तुकडे स्वतः अस्थिर असतात. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, सीझियम-१३७ला तीस वर्षं लागतात, काही तुकडे सेकंदांतच रूप बदलतात. प्रत्येक बदलात उष्णता निघते. न्यूट्रॉन शोषून घेणारे दांडे खाली सोडले की विखंडन, म्हणजे अणूंचं फुटणं, काही सेकंदांत थांबतं, पण आधीच तयार झालेल्या तुकड्यांना थांबवणारं बटण कुणाकडेच नाही. म्हणून भट्टी बंद केल्या क्षणी ६ ते ७ टक्के उष्णता उरते, तासाभरानं साधारण दीड टक्का, दिवसानंतर अर्धा टक्का.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून हिशोब करून बघू. २२० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता तयार होते सुमारे ७५० मेगावॉट. तासाभरानंतरचा दीड टक्का म्हणजे ११ मेगावॉट. ३० अंशांच्या एक लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला अडीच मेगाज्यूल लागतात. म्हणजे ही 'बंद' भट्टी दर तासाला पंधरा हजार लिटर पाणी उकळून उडवू शकते. आपल्या सोसायटीत येणारे दहा हजार लिटरचे दीड टँकर, दर तासाला! दुसऱ्या दिवशीही तासाला अर्धा टँकर लागतोच. हे पाणी मिळालं नाही, तर इंधन स्वतःच्याच उष्णतेनं वितळतं. ११ मार्च २०११ला फुकुशिमात भूकंपानं भट्ट्या नीट बंद झाल्या होत्या. त्यानंतर त्सुनामीचं पाणी तळघरातल्या डिझेल जनित्रांत शिरलं, वीज गेली आणि ही उरलेली उष्णता बाहेर काढता आली नाही.

आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुवीजकेंद्रात असाच प्रसंग १८ वर्षं आधी आला होता. ३१ मार्च १९९३च्या पहाटे साडेतीनला टर्बाइनची दोन पाती तुटली. जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळून पेटला, आग केबलींवरून पसरली. तिथे विजेच्या चार पायऱ्या होत्या: बाहेरची लाइन, डिझेल जनित्रं, इन्व्हर्टर आणि शेवटी बॅटऱ्या. एकीनं दगा दिला तर दुसरी, अशी रचना. पण केबली एकाच वाटेनं गेल्या होत्या, मध्ये आग अडवणारी भिंत नव्हती, त्यामुळे चारही पायऱ्या एकाच आगीत गेल्या. धूर नियंत्रणकक्षात शिरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. सतरा तास पूर्ण अंधार. कर्मचारी हातातल्या दिव्यांच्या उजेडात भट्टीच्या इमारतीत वर चढले आणि त्यांनी हातानं झडपा उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं, म्हणजे विखंडन पुन्हा सुरू व्हायला नको. त्या माणसांबद्दल मला अतोनात आदर वाटतो.

वीज नसताना इंधनाची उष्णता मात्र कुणी वाहून नेली? याचं उत्तर तुमच्या गच्चीवर आहे. सोलर बंबात पंप नसतो. काचेचं पॅनेल खाली तिरकं आणि टाकी त्याच्या वर. सकाळी अकराला वरच्या पाइपाला हात लावला तर चटका बसतो, खालचा कोमट असतो. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ६० अंशांचं पाणी फक्त दीड टक्का हलकं असतं, पण तेवढ्या फरकावर पाणी दिवसभर आपणहून फिरतं. नरोऱ्याच्या भट्टीत वाफ बनवणारी भांडी इंधनापेक्षा उंचावर आहेत. इंधनाची उष्णता घेणारं 'जड पाणी' (जड हायड्रोजनपासून बनलेलं खास पाणी) गरम झालं की वर चढायचं, भांड्यात थंड व्हायचं, खाली उतरायचं. भांड्याच्या दुसऱ्या अंगाला पाणी पुरवलं डिझेल इंजिनावर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी. इंधन शाबूत राहिलं, किरणोत्सर्ग बाहेर आला नाही.

पण गच्चीवरची टाकी आटली आणि पातळी वरच्या पाइपाच्या तोंडाखाली गेली की बंबातलं फिरणं थांबतं. पाइपात हवा अडकली तरी थांबतं. भट्टीतही तसंच. फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीतही पंपाशिवाय चालणारं शीतक (उष्णता काढून घेणारं यंत्र) होतं. वीज जाताना त्याच्या वाटेवरच्या झडपा मिटल्या, आणि ते चालू आहे की बंद हे नियंत्रणकक्षाला कळेना. 'आपोआप थंड होणारी, म्हणून निर्धास्त' अशा नव्या भट्ट्यांच्या जाहिराती वाचताना हे आठवावं.  

म्हणून नियामकाचा निरीक्षक केबलींच्या वाटा बघतो, डिझेल जनित्र किती उंचीवर बसवलंय ते बघतो, बॅटऱ्या किती तास टिकतील ते तपासतो. नरोऱ्यानंतर केबली वेगवेगळ्या वाटांनी नेण्यावर आणि मध्ये आगरोधक अडथळे घालण्यावर भर आला. फुकुशिमानंतर बाहेरून अग्निशमन बंबाचं पाणी थेट जोडता येईल अशी तोंडं केंद्रांवर बसवली गेली. चालवण्याचा परवाना एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांचा, आणि दर दहा वर्षांनी मुळापासून फेरतपासणी.

हे सगळं मागणाऱ्या नियामकाकडे वीजकेंद्राला 'नाही' म्हणण्याची मुभा असली पाहिजे. १९८३मध्ये स्थापन झालेलं मंडळ इतकी वर्षं अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी होतं, आणि आयोगाचे अध्यक्ष तेच, ज्यांच्या खात्याखाली वीजकेंद्रंही चालतात. महालेखापरीक्षकांनी २०१२मध्ये यावर बोट ठेवलं होतं. जपानची जुनी नियामक संस्थाही अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयातच होती. फुकुशिमानंतर ती मोडून २०१२मध्ये स्वतंत्र प्राधिकरण नेमावं लागलं. २२० मेगावॉटची एक भट्टी केबलींच्या दुरुस्तीसाठी थांबवली, तर रोज ५२ लाख ८० हजार युनिट विकायची राहतात. उद्या हे नुकसान एखाद्या खासगी कंपनीचं असेल, आणि तरीही 'भिंत बांधून होईपर्यंत भट्टी बंद' असं मंडळाला लिहावं लागेल.