हमीपत्रावर सही झाली म्हणून कॉलेज सुटत नाही

मुंबईतल्या कॉलेजांत हिवाळी सहलीची तयारी सुरू झाली की स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पालकांची सही घेतली ना? मग आपल्यावर काही येत नाही." हा समज साफ चुकीचा आहे.

'काही अघटित घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही,' असं छापलेल्या हमीपत्रावर पालक सही करतात ती सहलीला संमती म्हणून. निष्काळजीपणा त्यांनी आधीच माफ केला, असा त्या सहीचा अर्थ होत नाही. १९९५ मध्ये बियास नदीवर सहलीला गेलेली १४ शाळकरी मुलं बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये प्रत्येक मुलामागे ५ लाखांची भरपाई कायम ठेवली. २०१४ मध्ये त्याच नदीत धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले, तेव्हाही भरपाईचा काही भार कॉलेजवर पडला.

आपली मुलं जातात काशीदला, अलिबागला. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक यंदा चालेल, असं कृपया धरू नका. निघण्यापूर्वी त्या दिवसाची भरती-ओहोटी पाहा, किनाऱ्यावरच्या माणसांना विचारा, पाण्याजवळ हजेरी घ्या.

आणि रक्तगट, औषधांची ॲलर्जी, घरचा फोन लिहिलेली ती हमीपत्रं ऑफिसच्या कपाटात ठेवू नका. त्यांची एक प्रत बसमध्ये, सरांच्या किंवा मॅडमच्या पिशवीत हवी. सोबत जाणाऱ्या शिक्षकांची आणि शिपायांची माहितीही त्यातच ठेवा.