वस्तीचा गुन्हेगारी दर: एका भागाकाराची पार्श्वभूमी

घर भाड्याने घेण्याआधी माणूस विचारतो, ‘ही वस्ती सुरक्षित आहे का?’ आणि उत्तर म्हणून एक आकडा पुढे येतो: लाख लोकसंख्येमागे इतके गुन्हे. हा आकडा म्हणजे साधा भागाकार. वर नोंदलेले गुन्हे, खाली लोकसंख्या आणि दोघांभोवती नकाशावरची एक रेघ. तिन्ही गोष्टी कुणीतरी ठरवलेल्या असतात, आणि प्रत्येकीतली खोट कळायला दीडेकशे वर्षं लागली.

सुरुवात फ्रान्सची. तिथल्या न्यायखात्याने १८२७ मध्ये देशभरच्या फौजदारी खटल्यांची आकडेवारी छापायला घेतली. दोनच वर्षांनी आंद्रे-मिशेल गेरी आणि आद्रियानो बाल्बी यांनी ती प्रांतवार छटांमध्ये नकाशावर उतरवली आणि शेजारी शिक्षणाचा नकाशा ठेवला. शिक्षण वाढलं की गुन्हे घटतात, असा तेव्हाचा पक्का समज. नकाशात मात्र शिकलेल्या, सधन उत्तरेकडेच मालमत्तेचे गुन्हे जास्त दिसले. त्याच सुमारास बेल्जियमच्या अदोल्फ केतले यांनी मुळावरच बोट ठेवलं: कळलेले गुन्हे आणि प्रत्यक्ष घडलेले गुन्हे यांचं प्रमाण जवळपास स्थिर राहतं असं धरलं, तरच या आकडेवारीला अर्थ आहे. ते तसं राहत नाही.

लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून गल्लीगल्लीला रंग देणारे गरिबीचे नकाशे काढले. सर्वांत खालच्या थराला काळा रंग, आणि सूचीत त्यापुढे ‘दुराचारी, अर्धगुन्हेगार’ असे शब्द. मोजायला निघाले गरिबी, शिक्का मारला गुन्हेगारीचा. तो घोळ अजून निस्तरलेला नाही.

शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी दशकानुदशकांच्या बालन्यायालयाच्या नोंदी चौरस मैलाच्या चौकटींत मांडल्या. शहराच्या मध्याजवळ दर सर्वांत जास्त आणि बाहेर जावं तसा कमी. त्या वस्त्यांत राहणारे स्थलांतरितांचे गट बदलत गेले, तरी दराचा हा उतार तसाच राहिला. म्हणजे कारण अमुक एका जमातीत नव्हे, वस्तीच्या परिस्थितीत शोधायला हवं. फक्त एक गोष्ट हे निष्कर्ष सांगताना बहुतेक जण विसरतात: त्यांनी मांडले ते आरोपी मुलांचे पत्ते, गुन्हा घडल्याची जागा नव्हे. चोर राहतो एकीकडे, चोरी करतो दुसरीकडे. ‘गुन्हेगार वस्ती’ आणि ‘जिथे गुन्हे होतात ती वस्ती’ हे दोन वेगळे नकाशे आहेत.

आता भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे नोंदलेले गुन्हे. अमेरिकेत १९३० पासून एकसमान नमुन्यात पोलिसांकडून सात प्रकारचे गुन्हे गोळा होऊ लागले. जाळपोळ आठवी म्हणून १९७९ मध्ये आली. २०२० पर्यंत तिथे नियम असा होता की एका घटनेत अनेक गुन्हे असले, तरी सर्वांत गंभीर तेवढाच मोजायचा. घरफोडी करताना खून झाला, तर खून एक, घरफोडी शून्य. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचाही प्रमुख गुन्हाच मोजण्याचा नियम आहे. अशा नियमाने किरकोळ गुन्ह्यांचा आकडा मुळातच थोडा खाली येतो.

त्याहून मोठी गळती ठाण्याच्या दाराबाहेर होते. ती मोजण्यासाठी अमेरिकेने १९७०च्या दशकात आणि इंग्लंडने १९८२ मध्ये थेट घरोघर विचारायला सुरुवात केली: गेल्या काही महिन्यांत तुमच्यासोबत काय घडलं? अमेरिकी पाहणीत हिंसक गुन्ह्यांपैकी निम्म्याहून कमी आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी साधारण एकतृतीयांश पोलिसांपर्यंत पोहोचलेले दिसतात. गाडीची चोरी बहुधा नोंदली जाते, कारण त्याशिवाय विम्याचे पैसे मिळत नाहीत. पाकीटमारी आणि छेडछाड मात्र मोठ्या प्रमाणावर बाहेरच राहतात. ठाण्यापर्यंत पोहोचलेली तक्रारही नोंदली जाईलच असं नाही: इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ च्या तपासणीत पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनी आठवड्याच्या आकड्यांवर अधिकाऱ्यांना जाब विचारायची पद्धत आणली. ती जगभर गेली आणि सोबत तिची खोडही गेली. आकडा खाली दिसायला हवा असेल, तर जबरी चोरीची साधी चोरी होते आणि चोरीला गेलेला मोबाईल ‘हरवला’ म्हणून लिहिला जातो. म्हणूनच एखाद्या भागात नोंदी अचानक वाढल्या, तर आधी बघावं की तक्रार देणं सोपं झालं का.

खालच्या आकड्याची गंमत वेगळी. समजा बाजारपेठेच्या भागात रहिवासी ४,००० आणि वर्षाला चोऱ्या ६०. दर निघतो लाखामागे १,५००, भयंकर. पण दिवसा तिथे ४०,००० माणसं वावरत असतील, तर तोच दर १५० होतो. सारा बॉग्ज यांनी १९६५ मध्येच सुचवलं होतं की प्रत्येक गुन्ह्याला त्याचा योग्य भाजक द्यावा: घरफोडीला घरांची संख्या, गाडीचोरीला गाड्या उभ्या करायची जागा. साठ वर्षं झाली, तरी सगळ्याला रहिवासी लोकसंख्येनेच भागतात, कारण ती तयार मिळते.

लहान वस्तीत तर टक्केवारी काढूच नये. वर्षाला सरासरी १६ घरफोड्या होणाऱ्या भागात एखाद्या वर्षी १० किंवा २२ झाल्या, तरी तो निव्वळ योगायोग असू शकतो; सरासरीच्या वर्गमुळाच्या दुपटीइतका, म्हणजे इथे आठचा, चढउतार धरून चालावं. तीन वर्षांची बेरीज घेतली की चित्र बरंच स्थिरावतं.

राहिली रेघ. क्लीव्हलँडच्या आकडेवारीवर १९३४ मध्ये दिसलं की तेच लहान विभाग जोडून मोठे केले, की बालगुन्हेगारी आणि घरभाडं यांचा संबंध आपोआप घट्ट होत जातो. वस्तुस्थिती तीच, रेघा बदलल्या. उलट दिशेने १९८९ मध्ये मिनियापोलिसच्या अभ्यासाने दाखवलं की पोलिसांना आलेले निम्मे फोन शहरातल्या अवघ्या तीन टक्के पत्त्यांवरून येत होते. सिएटलमध्ये रस्त्यांचे तुकडे चौदा वर्षं तपासले तेव्हाही चित्र तसंच निघालं. ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या वस्तीतल्या बहुतेक गल्ल्या शांत असतात. त्रास असतो तो एखाद्या कोपऱ्याचा, दारूच्या अड्ड्याचा, अंधाऱ्या थांब्याचा.

म्हणून ठिपक्यांचे नकाशे आले. त्यांच्याही खोड्या आहेत. लॉस एंजलिसच्या पोलीस नकाशात २००९ मध्ये संगणकाला नकाशावर न सापडलेले पत्ते शहराच्या मध्यातल्या एका ठरावीक बिंदूवर पडत होते आणि तीच जागा गुन्ह्यांनी बजबजलेली दिसत होती. इंग्लंड-वेल्सच्या २०११ पासूनच्या सार्वजनिक नकाशात ओळख लपवण्यासाठी प्रत्येक गुन्हा जवळच्या ठरलेल्या बिंदूवर सरकवतात, आणि राहत्या भागातल्या अशा बिंदूच्या टापूत किमान आठ टपाली पत्ते असतात. एखाद्या दारासमोर दिसणारा ठिपका त्या दारासमोरचा असेलच असं नाही.