अडतीच्या काट्यावरची वारी

आषाढी झाली की आमचे आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, पंढरपूरहून परतत आणि घरी यायच्या आधी परभणीच्या मोंढ्यात थांबत. तिथं त्यांच्या ओळखीची अडत होती. हमाल तुरीचं पोतं उतरवून घेई आणि आप्पा काट्यावर उभे राहत. निघतानाही त्याच काट्यावर उभे राहिलेले असत. पंधरा-सोळा दिवसांची पायी वारी, रोजचे वीस किलोमीटर, वयाची पंचावन्न उलटलेली. आणि फरक निघायचा दीड-दोन किलोंचा. "औंदा पांडुरंगानं एवढंच घेतलं," म्हणून ते खाली उतरत.

पुढं अंटार्क्टिकातल्या एका मोहिमेबद्दल वाचताना मला आप्पांचा काटा आठवला. 1992 च्या नोव्हेंबरमध्ये रॅनल्फ फाइन्स आणि डॉक्टर माइक स्ट्राउड हे दोन ब्रिटिश तो बर्फाळ खंड पायी ओलांडायला निघाले. वाटेत रसद नाही, कुत्री नाहीत, यंत्र नाही. सगळा शिधा दोन घसरगाड्यांवर. सुरुवातीला एकेका गाडीचं वजन 200 किलोंच्या वर होतं आणि ती पट्ट्यानं अंगाला बांधून ओढायची. 95 दिवस हे चाललं. दक्षिण ध्रुव मागं टाकून पलीकडच्या बर्फावर पोचल्यावर त्यांनी विमान बोलावलं, तेव्हा दोघांचीही वजनं वीस-वीस किलोंहून जास्त उतरली होती.

जिद्दीत दोघंही कमी नव्हते. रोज पाच हजारांहून अधिक कॅलरी पोटात जात होत्या, त्याही लोणी आणि चॉकलेटच्या रूपात, कारण ग्रॅमला नऊ कॅलरी देणारी चरबी ओझ्याला हलकी पडते. तरी खर्च सरासरी सात हजारांच्या आसपास होता आणि काही दिवस तो दहा हजारांच्याही वर गेला. आपल्या मापात सांगायचं तर, शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी साधारण 340 कॅलरींची. सात हजार म्हणजे वीस भाकरी. रोज.

हा खर्च मोजला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. स्ट्राउड स्वतः डॉक्टर. त्यांनी दोघांवरच प्रयोग केला: ठरावीक मापाचं 'जड' पाणी प्यायचं आणि पुढं लघवीचे नमुने जपून ठेवायचे. या पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे नेहमीपेक्षा जड, पण किरणोत्सारी नसलेले अणू असतात. जड हायड्रोजन अंगातून बाहेर पडतो तो पाण्यावाटेच: लघवी, घाम, श्वासातली वाफ. ऑक्सिजनला मात्र दोन वाटा आहेत, एक पाण्याची आणि दुसरी कार्बन डायऑक्साइडची. दोन रांजण भरून ठेवले, एकाला एक भोक आणि दुसऱ्याला दोन, तर दुसरा लवकर रिता होईल. त्या दोघांतल्या फरकावरून शरीरानं किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते कळतं. चुलीचा धूर मोजला की जळण किती गेलं ते कळावं, तसं.

फाइन्स-स्ट्राउड यांच्या ऐंशी वर्षं आधी याच बर्फावर ब्रिटिश कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे चार सोबती मेले. 17 जानेवारी 1912 ला ते ध्रुवावर पोचले, तर शर्यतीतले नॉर्वेचे आमुंडसेन महिनाभर आधी, 14 डिसेंबरलाच, तिथं झेंडा लावून गेलेले. परतीच्या वाटेवर शेवटचा तंबू पडला तो अन्नाच्या मोठ्या साठ्यापासून जेमतेम 18 किलोमीटरवर. थंडी, जखमा, वादळ, इंधनाची टंचाई ही सगळी कारणं खरीच. पण त्यांचा शिधा होता रोजच्या साधारण साडेचार हजार कॅलरींचा आणि गाड्या स्वतः ओढायचं काम त्याहून बरंच जास्त मागत होतं. आमुंडसेनच्या गाड्या कुत्र्यांनी ओढल्या. वीरकथांत हा शिध्याचा हिशेब मागं पडतो, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माणसाचं शरीर जास्तीत जास्त किती जाळू शकतं? याचं उत्तर किती वेळासाठी विचारता यावर ठरतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या. शाळेला पायी जाणारं हे पोर महार रेजिमेंटमध्ये भरती झालं, सियाचिनला राहिलं आणि 2024 च्या जुलैमध्ये पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची शर्यत, 8 मिनिटं 9.91 सेकंदांत पळालं. हा राष्ट्रीय विक्रम. त्या आठ मिनिटांत शरीर नुसतं पडून असताना लागते त्याच्या कितीतरी पट ऊर्जा जाळतं, पण ती आठच मिनिटं. मॅरेथॉनवाला दोन-तीन तास मोठा जाळ ठेवू शकतो. तीन आठवडे चालणाऱ्या 'टूर द फ्रान्स'मधले सायकलपटू पडून असतानाच्या खर्चाच्या चार-पाच पटींवर येतात. आणि महिनोन् महिने?

याचं उत्तर 2015 साली अमेरिकेत मिळालं. काही धावपटू तो देश आडवा पळत पार करायला निघाले: आठवड्याचे सहा दिवस, रोज एक मॅरेथॉन, सुमारे 140 दिवस. हर्मन पाँट्झर या संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना तेच जड पाणी पाजलं. 2019 साली निष्कर्ष छापून आले. सुरुवातीला भरमसाट असलेला खर्च हळूहळू उतरत गेला. मैल तेवढेच, पण शरीर दुसरीकडं काटकसर करू लागलेलं; शेवटी रोजचा खर्च अपेक्षेपेक्षा सुमारे 600 कॅलरींनी कमी भरला. इतर मोहिमांचे आणि शर्यतींचे आकडे शेजारी मांडल्यावर एक रेषा दिसली. दिवस वाढतील तसा खर्च पडून असतानाच्या अडीच पटीपाशी येऊन टेकतो. संशोधकांचं म्हणणं असं, की अडचण पायांत किंवा फुप्फुसांत नसून आतड्यात आहे. रोज अडीच पटीहून जास्त अन्न आतडं पचवून रक्तात देऊच शकत नाही. त्यापुढं जायचं तर अंगातलं काढून जाळायचं. गरोदर बाईचा खर्चही सव्वादोन पटीच्या आसपास जातो, म्हणजे ही मोहीम अनेकींनी घरात बसून पार पाडलेली आहे.

आता आप्पांचा हिशेब करू. साठ किलोंचा, पंचावन्नचा माणूस पडून राहिला तर दिवसाला साधारण 1400 कॅलरी लागतात. उठबस, अंघोळ, कामं धरून दोन हजारांच्या आत. वीस किलोमीटर चालण्याचा वरखर्च सहाशे-सातशे. फुगड्या आणि पावल्या धरल्या तरी एकूण आकडा दुपटीच्या आसपास. म्हणजे त्या अडीच पटीच्या छतापासून हातभर खाली, आणि तेवढं पिठलं-भाकरी गावोगावचे लोक आग्रहानं वाढतातच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत सुमारे सातशे किलोमीटर महिनाभर चालते, तीही याच बेतानं. कुणी उष्मांक मोजून मुक्काम ठरवले नसतील. पण शतकानुशतकं म्हातारी माणसं बरोबर चालत आली, की चाल आपोआप टिकाऊ होते.

वारीतून मी ऊसतोडीकडं वळलो, कारण मराठवाड्यात सहनशक्तीबद्दल लिहायचं आणि कोयत्याचं नाव घ्यायचं नाही हे मला जमणार नाही. दिवाळीच्या आसपास मुकादमाची उचल घेऊन टोळ्या बीड-धारूर-पाटोद्यातून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात, दिवसभर तोड, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. चार-पाच महिने. इथं एक दुसरं छत आडवं येतं, उष्णतेचं. स्नायू जळणाचा जेमतेम पाव भाग कामाला लावतात, बाकी सगळी ऊब. ती बाहेर काढतो घाम: एक लिटर घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तेवढं पाणी आधी प्यायलेलं हवं. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये ऊस तोडणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडं निकामी होताना दिसली, तेव्हा उन्हातलं जड काम आणि पाण्याची तूट यांच्यावर मुख्य संशय गेला. पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती दिली तिथं इजा कमी झाली.

गुढीपाडव्याच्या सुमारास परतलेल्या आमच्या शेजारच्या एका काकूंना मी आप्पांच्या काट्याची गोष्ट सांगितली आणि विचारलं, तुमचं किती उतरतं? त्या हसल्या. म्हणाल्या, "काटा कारखान्यात असतोय बाबा, उसाला. आमचं असं हाय, जाताना मनगटात बसलेल्या बांगड्या येताना कोपरापर्यंत जात्यात."