पोर्ट करण्याआधी नवे सिम तुमच्या फोनमध्ये घालून बघा

आमच्या दुकानात रोज कोणीतरी येऊन म्हणते, “भाऊ, रिचार्ज परवडेना झालंय, दुसरीकडं पोर्ट करून द्या की.” पोर्ट म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणे. आम्ही लगेच आधार कार्ड मागत नाही. आधी फोन मागतो. नवीन कंपनीचे नेटवर्क तुमच्या गावात असेल, पण ते तुमचा फोन पकडेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. आणि फोन पकडत असला तरी तुमच्या घरात, तुमच्या शेतात रेंज येईल की नाही, हा तिसरा.

हे आम्ही आमच्याच घरात चूक करून शिकलो. सगळ्यांचे नंबर एका कंपनीत नेले तर सोयीचे पडेल, म्हणून गावाकडे राहणाऱ्या आईचाही नंबर पोर्ट केला. तिच्याकडे जुना बटणांचा फोन होता, फक्त २जीवर चालणारा. नवे नेटवर्क होते निव्वळ ४जीचे. सिम बसले, फोन चालू झाला, चार्जिंग भरलेले, आणि पडद्यावर ‘नो सर्व्हिस’. आईला वाटले मुले कामात आहेत म्हणून फोन येत नाही. आम्हाला वाटले ती शेतावर असेल. दोन दिवसांनी शेजारच्या वहिनींनी त्यांच्या फोनवरून कळवले. नंबर परत आणावा म्हटले तर पोर्ट झालेला नंबर ९० दिवस हलवता येत नाही. शेवटी ४जीचा बटणांचा फोन घेऊन दिला आणि तिने त्या वयात नवी बटणे शिकून घेतली. त्या दोन दिवसांत तिला रात्री काही झाले असते तर, हा विचार अजून जात नाही. म्हणून हे पत्रक.

तुमचा फोन कोणत्या जातीचा

साधा बटणांचा फोन बहुतेक वेळा २जीचा असतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांच्या २जीवर तो चालतो. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, २०१६ साली ते सुरू झाले तेच थेट ४जीवर. त्यामुळे २जीच्या फोनमध्ये जिओचे सिम घातले तर काहीच होत नाही. बटणांचे काही फोन ४जीचेही असतात; खोक्यावर किंवा बॅटरीखालच्या चिठ्ठीवर ‘४जी’ किंवा ‘एलटीई’ लिहिलेले असते. उलट अडचण जिओफोन आणि जिओभारत या फोनची. त्यांत जिओचेच सिम चालते. नंबर दुसरीकडे नेलात तर नवा फोनही घ्यावा लागेल, तो खर्च आधी धरा.

फक्त ३जीपर्यंतचा जुना टचस्क्रीन फोन असेल तर एअरटेलने ३जी २०२० मध्येच बंद केले आहे. त्यावर बोलणे होईल, नेट मात्र २जीच्या गतीने सरपटेल.

४जी फोनमध्येही एक मेख आहे, आणि तक्रारी सगळ्यात जास्त तिथेच येतात: “नेट पळतंय, पण फोन लागंना झालाय.” ४जीवरून बोलण्यासाठी फोनमध्ये व्होल्टी नावाची सोय लागते आणि ती त्या कंपनीसाठी चालू असावी लागते. २जी असलेल्या नेटवर्कवर व्होल्टी नसेल तर कॉल गुपचूप २जीवर उतरतो, तुम्हाला कळतही नाही. निव्वळ ४जीच्या नेटवर्कवर उतरायला खाली काहीच नसते. परदेशातून आलेल्या काही फोनमध्ये हे होते. तपासायचे कसे? कॉल लावा, आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा व्होल्टीचे चिन्ह टिकले तर ठीक. ते जाऊन २जी किंवा ‘ई’ दिसू लागले तर कॉल खाली उतरला.

दोन सिमच्या जुन्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट. २०१५ ते २०१७ च्या सुमाराच्या कित्येक फोनमध्ये ४जी एकाच कप्प्यात चालते, दुसरा कप्पा २जीपुरताच. सिम ‘चालत नाही’ म्हणून आलेले फोन आम्ही कधी कधी नुसता कप्पा बदलून परत दिले आहेत.

बँड म्हणजे काय, आणि खानापूरकडच्या लोकांनी तो का बघावा

प्रत्येक कंपनी ठरावीक लहरींवर नेटवर्क सोडते. त्या लहरींच्या पट्ट्याला बँड म्हणतात. फोनमध्ये तो बँड नसेल तर टॉवर अंगणात असला तरी फोनला तो दिसत नाही. जिओचे ४जी बँड ३, ५ आणि ४० वर आहे. एअरटेल आणि व्हीआय मुख्यतः १, ३ आणि ८ वापरतात, एअरटेल त्याशिवाय ४०. हे सगळे बँड भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक ४जी फोनमध्ये असतात.

खरी तपासणी लागते बीएसएनएलकडे जाताना. त्यांच्या ४जीची देशव्यापी औपचारिक सुरुवात २७ सप्टेंबर २०२५ ला झाली आणि ते प्रामुख्याने बँड २८, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ, आणि बँड १, म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, यांवर आहे. ७०० च्या लहरी लांब जातात, झाडीतून आणि भिंतीतून आत शिरतात. जांबोटी, कणकुंबी, लोंढा या पट्ट्यात, जिथे टॉवर लांब आणि घरांना चिऱ्याच्या जाड भिंती, तिथे हाच बँड कामाचा. पण जुन्या ४जी फोनमध्ये बँड २८ पुष्कळदा नसतो. मग असा फोन टॉवरजवळच्या बाजारात छान चालतो आणि घरी गेला की मुका होतो. माणूस कंपनीला दोष देतो, दोष मात्र फोनमध्ये असतो.

बँड बघण्यासाठी सेटिंगमध्ये ‘फोनविषयी’ या ठिकाणी जाऊन मॉडेल नंबर लिहून घ्या. फोनचे नुसते नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या देशांसाठी वेगळे मॉडेल निघतात आणि त्यांचे बँड वेगळे असतात. तो नंबर फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यादी मिळते. जमत नसेल तर मॉडेल नंबरचा फोटो घेऊन या, आम्ही काढून देऊ.

५जीसाठी फोन बदलायचा विचार असेल तर एवढे ध्यानात ठेवा: जिओचे ५जी ४जीच्या आधाराशिवाय स्वतंत्र चालते, तर एअरटेलने ५जी सुरू केले ते ४जीच्या जोडीने. सुरुवातीच्या काही ५जी फोनना स्वतंत्र पद्धत जमत नाही, म्हणून एकाच फोनवर एका कंपनीचे ५जी येते आणि दुसरीचे येत नाही. ५जी नाही आले तरी ४जी चालतेच, त्यामुळे आम्ही याला फार महत्त्व देत नाही.

मुलाने अमेरिकेहून पाठवलेला फोन

असा फोन तिकडच्या कंपनीला बांधलेला असू शकतो. मग इथले कोणतेच सिम तो घेत नाही आणि ते कुलूप तिकडची कंपनीच काढू शकते. बाजारात कोणी ‘काढून देतो’ म्हटले तर पैसे घालवू नका. आयफोनवर सेटिंग, जनरल, अबाउट इथे ‘कॅरिअर लॉक’ या ओळीपुढे सिमवर बंधन नाही असे लिहिलेले हवे. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासूनच्या फोनना सिमचा कप्पाच नाही, ई-सिमच, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारे सिम, घ्यावे लागते.

जुना फोन विकत घेत असाल तर *#०६# दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येईल. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तो देशातल्या कोणत्याच नेटवर्कवर चालणार नाही, आणि ते पैसे दिल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

घरी नेऊन बघा

आमच्याकडे चारही कंपन्यांची आमच्या नावावरची सिमे आहेत. तुमच्या फोनमध्ये घालून, कॉल आणि नेट दोन्ही तपासून दाखवतो. पण ती घरी न्यायला देता येत नाहीत, नियमात बसत नाही. आणि दुकानात रेंज आहे म्हणून उचगावला, येळ्ळूरला तुमच्या माजघरात असेल असे नाही. तेव्हा घरातल्या किंवा भावकीतल्या कोणाकडे त्या कंपनीचे सिम असेल तर त्यांना जेवायला बोलवा आणि त्यांच्यासमोर ते सिम तासभर तुमच्या फोनमध्ये घाला. वायफाय बंद करा. स्वयंपाकघरात, झोपण्याच्या खोलीत, गोठ्याजवळ जाऊन कॉल लावा आणि कॉल घ्याही. एक एसएमएस मागवून बघा, ओटीपी त्यानेच येतो. जमल्यास संध्याकाळी सात-आठच्या सुमारास एकदा नेट बघा, त्या वेळी गर्दी असते.

सीमेवरच्या गावांसाठी खास: मोबाइल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यांना सर्कल म्हणतात. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये आहे, चंदगड आणि कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्येच. शिनोळी-बाचीच्या बाजूला किंवा कोगनोळीच्या आसपास फोन पलीकडच्या सर्कलचा टॉवर पकडतो. रेंज पूर्ण दिसते, बोलणे होते, नेट मात्र बंद. कारण ‘डेटा रोमिंग’चे बटण बंद असते. ते चालू करा. सध्याच्या बहुतेक पॅकमध्ये देशातले रोमिंग धरलेले असते.

मग पोर्ट

सगळे जमले तर चालू असलेल्या नंबरवरून इंग्रजी अक्षरांत पोर्ट, एक जागा, दहा आकडी नंबर असे लिहून १९०० वर पाठवा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो ४ दिवस टिकतो. नंबर ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच आधार घेऊन यायचे आहे. वडिलांच्या नावावरचा नंबर मुलाला पोर्ट करून मिळत नाही, आधी नाव बदलून घ्यावे लागते. नुकतेच सिम बदलले असेल तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे पहिले ७ दिवस कोड मिळत नाही. पोस्टपेडचे बिल थकलेले नको. प्रीपेडमधली शिल्लक मात्र सोबत येत नाही, म्हणून पॅक संपत आल्यावरच पोर्ट करणे चांगले.

कर्नाटकातला नंबर कर्नाटकातच नेला तर ३ कामाचे दिवस लागतात. माहेरचा कोल्हापूर-चंदगडचा नंबर घेऊन आलेल्या सुनांना किंवा गोव्यातून परत आलेल्यांना तो इकडे आणायला ५. जुने सिम बंद पडेपर्यंत फोनमधून काढू नका. बदलाच्या वेळी काही तास सेवा जाते आणि नव्या सिमवर यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागू शकते, म्हणून त्या दिवशी खिशात रोकड असू द्या. घरात आजारी माणूस असेल तर त्या दिवशी दुसरा एक चालू फोन जवळ ठेवा. अर्ज दिल्यावर मन बदलले तर २४ तासांच्या आत कॅन्सल आणि नंबर लिहून १९०० वरच एसएमएस करता येतो.

तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही, पोर्ट आमच्याकडून केला नाही तरी. येताना फोन चार्ज करून आणा आणि आज्जींचा फोन असेल तर त्यांनाही सोबत आणा. कॉल लागतो का, हे त्यांनी स्वतः दाबून, स्वतःच्या कानाने ऐकून बघितलेले आम्हाला हवे आहे.