वेखंड, धान्य आणि वासाने कीड मारणारी तेलं

कणगीत धान्य भरताना कडुलिंबाचा पाला, राख, बिब्बे, वेखंडाचे तुकडे घालायची रीत आपल्याकडे जुनी आहे. तुरीला एरंडेल चोळणं तर अजूनही अनेक घरांत चालतं. पण या उपायांचं काम एकसारखं नाही. राखेने किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडलं जातं आणि तो सुकून मरतो. एरंडेलाचा थर बसला की भुंगेऱ्याच्या अंड्याला हवा मिळत नाही. वेखंडातलं तेल मात्र उडून जाणारं आहे. किड्याला दाण्यावर बसायचीही गरज नाही, वाफच पुरते. लवंग, निलगिरी, पुदिना यांची तेलंही याच जातीची.

वेखंडाच्या वाफेला विज्ञानाचा आधार मिळाला तो जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतून. तेलातल्या बीटा-असारोन या घटकामुळे मादीच्या अंडाशयाची वाढ खुंटते, म्हणजे कीड मेली नाही तरी तिची पुढची पिढी थांबते, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात मांडलं. घरगुती उपायाला इतका नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

तरीही गोदामांत राज्य राहिलं ते विषारी वायूंचं. मिथाइल ब्रोमाइड स्वस्त आणि झटपट होतं, पण त्याने ओझोनचा थर विरतो हे कळल्यावर १९९२ मध्ये ते ओझोन वाचवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराच्या कक्षेत आलं. विकसित देशांनी ते २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत सोडायचं ठरलं. सवलत राहिली ती मुख्यतः निर्यातीआधीच्या आणि विलगीकरणाच्या (मालाबरोबर परकी कीड पसरू नये म्हणून द्यायच्या) वायूच्या धुरीला. मग सगळा भार अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणाऱ्या फॉस्फिन वायूवर पडला. पण त्यालाही न जुमानणारी कीड १९७२-७३ च्या जागतिक पाहणीतच सापडली होती. ताडपत्री नीट न झाकता दिलेली अर्धवट धुरी हे त्याचं मोठं कारण. जे किडे वाचतात, त्यांचीच पैदास पुढे वाढते.

सुगंधी तेलांकडे संशोधक वळले ते या अडचणीतून. यातली काही तेलं किड्यांच्या मज्जासंस्थेतल्या ऑक्टोपामिन या रसायनाच्या कामात अडथळा आणतात. सस्तन प्राण्यांत या रसायनाला फारसं स्थान नाही, म्हणून आशा मोठी. अमेरिकेने १९९६ मध्ये लवंग आणि पुदिन्याच्या तेलांना कमी धोक्याच्या यादीत घालून कीटकनाशक नोंदणीतून सूटही दिली.

गोदामात मात्र घोडं अडतं. तेल धान्यातच शोषलं जातं, पोत्यांच्या थप्पीच्या पोटापर्यंत वाफ पोचत नाही, आणि सोंडकिड्याची अळी तर दाण्याच्या आत असते. मात्रा वाढवली की भाताला लवंगेचा वास येतो. शिवाय वनस्पतीचं म्हणून निर्धोक, असंही नाही. ज्या बीटा-असारोनने कीड वांझ होते, त्यानेच उंदरांत गाठी झाल्या आणि अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंडाचं तेल खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. म्हणून माझ्या मते वेखंडाची खरी जागा पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यात आहे. लवंग-पुदिन्याची तेलं सूक्ष्म कुप्यांत भरून हळूहळू सोडायचे प्रयोग चालू आहेत. त्यांचा उपयोग आधी घरच्या डब्यात आणि छोट्या कोठीत होईल, सरकारी गोदामात नंतर.